मराठीत मेला, कानडीत जगला

"म्हातारा मेलाच पाहिजे," गळतगे गुरुजी म्हणाले. "नाहीतर आम्ही सगळे मधूनच उठून जाणार."

निपाणीत आमच्या सिनेमाच्या तंबूच्या दारात भर दुपारी हे बोलणं चाललं होतं. म्हातारा म्हणजे एका कादंबरीतला नावाडी. गावातल्या शिकलेल्यांनी ती कादंबरी वाचली होती आणि बाकीच्यांनी ऐकली होती, कारण दर पावसाळ्यात गुरुजी तंबाखूच्या वखारीत ती मोठ्यानं वाचून दाखवत. शेवटी नदीला पूर येतो. पलीकडं एक भिकारीण अडकलेली असते. म्हातारा तिच्यासाठी नाव परत पाण्यात घालतो, तिला काठाला लावतो आणि स्वतः वाहून जातो. त्याची लेक गोदू काठावरून बघत राहते. वखारीतल्या बाया सांगायच्या, त्या पानावर आलं की गुरुजींचा घसा बसतो आणि पुस्तक दुसऱ्या कुणाच्या तरी हातात जातं.

त्याच कादंबरीचा सिनेमा आम्ही आणला होता, आणि सिनेमावाल्यांनी म्हाताऱ्याला जिवंत ठेवला होता. ही बातमी बेळगावहून आमच्या आधी निपाणीत पोचली.

मी त्या तंबूत समजावणारा होतो. म्हणजे काय, ते आता सांगावं लागेल. तेव्हा सिनेमा मुका. पडद्यावर माणसं नुसते ओठ हलवायची, मध्येच लिहिलेली पाटी यायची, ती सगळ्यांना कुठली वाचता यायला! मग पडद्याशेजारी स्टुलावर एक माणूस उभा राहून काय चाललंय ते ओरडून सांगायचा. आमच्या भागात ते दोनदा सांगावं लागे, आधी मराठीत, मग कानडीत, कारण चिकोडीकडचीही माणसं गाड्या जुंपून यायची. मी काकतीचा. दोन्ही भाषा लहानपणापासून तोंडात बसलेल्या, आणि घरची चूल त्या तोंडावरच पेटत होती.

गुरुजी गेले तसे तंबूचे मालक पायगोंडा अण्णा खुर्चीत बसले. अण्णा चिडले की त्यांचा आवाज चढायचा नाही, उलट खाली जायचा. पहिल्याच शोला वखारीची माणसं उठली तर उद्या तंबूत कुत्रंसुद्धा येणार नाही, असं ते इतक्या हळू म्हणाले की मला पुढं वाकून ऐकावं लागलं. मी सुचवलं, शेवटचं रीळ लावूच नये. रीळ म्हणजे फिल्मची गुंडाळी. अशा बऱ्याच गुंडाळ्या एकामागून एक लावल्या की सिनेमा पुरा होतो. मशीनचा दांडा फिरवणारा आमचा ऑपरेटर हसला. अर्धा सिनेमा दाखवला म्हणून चिकोडीची माणसं मशीनच उचलून नेतील, असं त्याचं म्हणणं. तेही खरंच होतं.

अण्णा माझ्याकडं वळले.

"मराठीत मार, कानडीत जगव," ते म्हणाले.

"अण्णा, पडद्यावर तो चालत येतोय की."

"ते तू बघ. पगार कशाचा घेतोस? माणसं उठली तर उद्याच्याला काकतीला जा, परत येऊ नको."

पण दुसरा इलाज सुचत नव्हता.

संध्याकाळी तंबू गच्च भरला. वखारीची मंडळी पुढंच बसलेली. पहिल्या रिळापासून त्यांची कुरकुर चालू झाली. गोदूचं घर असं नव्हतं, भिकारीण एवढी तरणी कशी, नावाड्याच्या मिशा काळ्या कुणी केल्या! पण म्हाताऱ्याची नाव पहिल्यांदा पाण्यात उतरली तेव्हा सगळे एकदम गप्प झाले. पुढं तर मी तोंड उघडायच्या आत बायाच पुस्तकातली वाक्यं म्हणायला लागल्या, आणि मी नुसता उभा. नावं ठेवायची आणि डोळे काही पडद्यावरून हलवायचे नाहीत, असा सगळा प्रकार.

शेवटचं रीळ लागलं. पूर आला, नाव उलटली. "गेला. म्हातारा गेला," मी मराठीत म्हटलं. पुढून हुंदके आले. तेवढ्यात पडद्यावर पाण्यातून हात वर आला आणि गोदूच्या नवऱ्यानं तो धरला. मी जीव मुठीत धरून म्हटलं, "हे गोदूच्या मनातलं चाललंय." आणि मग लगेच कानडीत, "मुदुक बदुकिद!" म्हणजे म्हातारा जगला.

आता निपाणीत एकच भाषा कळणारा माणूस शोधून सापडायचा नाही. हे अण्णांनाही ठाऊक होतं आणि मलाही. पण त्या वेळी ते डोक्यात म्हणून आलं नाही. मागून एक बाई उठली.

"एका तोंडानं मारतोस, त्याच तोंडानं जगवतोस व्हय रं? नीट सांग की, हाय का गेला?"

तंबू हसला. तेवढ्यात गुरुजी उभे राहिले. त्यांच्या डोक्याला बांधलेल्या रुमालाची मोठी सावली पडद्यावर पडली. त्यांच्याबरोबरचीही माणसं उठायला लागली. झालं, संपलं आपलं, असं मला वाटलं, आणि खरं सांगतो, मला रडूच आलं.

पण गुरुजी जागचे हलेनात. मागची माणसं खाली बसा म्हणून ओरडत होती, त्यांना ऐकूच येत नव्हतं. पडद्यावर म्हातारा निथळत काठावर आला आणि गोदूशेजारी बसला. मग कुठं गुरुजी खाली बसले. ते बसले तशी बाकीचीही बसली. शो सुरळीत संपला, पण ते कुणाशी न बोलता निघून गेले, त्यामुळं अण्णांच्या आणि माझ्या जिवाचा घोर काही मिटला नाही.

सकाळी आम्ही तंबूचे दोर ताणत होतो, तर गुरुजी हजर. अण्णांनी स्वतः स्टूल पुढं केलं. गुरुजींनी आधी सिनेमावाल्यांचा उद्धार केला. पुस्तकाची माती केली, कशाचा कशाला मेळ नाही. तो बुडाला म्हणून तर ते पुस्तक आहे. मराठीत सांगितलं तेच बरोबर, त्यात बदल करायचा नाही. अण्णा मान डोलावत राहिले. सुटलो एकदाचा! नोकरी राहिली होती.

अण्णा आत चहा सांगायला गेले, तसे गुरुजी माझ्याजवळ आले.

"आजच्या शोला मला जागा ठेवा," ते हळूच म्हणाले. "आणि शेवटचं ते कानडीत जरा सावकाश सांगा."

तंबू तिथून हलेपर्यंत मी म्हाताऱ्याला रोज मराठीत मारला आणि कानडीत जगवला. गुरुजी रोज आले, आणि रोज जाताना सिनेमाला नावं ठेवून गेले. तेव्हापासून पुस्तकावर जीव असलेलं गिऱ्हाईक दारात येऊन भांडायला लागलं की मी घाबरायचं सोडलं. त्याचं सगळं ऐकून घ्यायचं आणि जागा पुढची द्यायची.