तीन वाजताचं गाणं

स्वातंत्र्याला दहाएक वर्षं झाली असतील, तेव्हा माझं पोस्टिंग कलकत्त्याला आलं. मी फौजेच्या सिग्नल्समध्ये हवालदार होतो. वायरलेस डिटॅचमेंटचा ताबा माझ्याकडे होता: दोन मोठे सेट, चार लहान, एक जनरेटर आणि नऊ माणसं. सकाळी साडेपाचला पीटी, सातला बॅटऱ्या तपासायच्या, आठला नेट उघडायचं. नेट म्हणजे एकाच फ्रीक्वेन्सीवर बोलणारी सगळी स्टेशनं. दर तासाला प्रत्येक स्टेशनने 'ऐकू येतंय' एवढं सांगायचं आणि गप्प बसायचं. दिवसचे दिवस हेच. वायरलेसवाला लढाईने दमतो की नाही माहीत नाही, पण कानाला हेडफोन लावून काहीही न ऐकण्याने तो नक्की दमतो. पहिल्या सहा महिन्यांतच मी दमलो होतो.

आमच्यात खुद्द कलकत्त्याचा माणूस एकच, नायक लिओ डिक्रूझ. अँग्लो-इंडियन, वय सत्तावीस. बऊबाजारच्या मागच्या गल्लीत त्याची विधवा आई एकटी राहायची. ऑपरेटर म्हणून त्याच्या तोडीचा दुसरा नव्हता. टापटिपीच्या नावाने मात्र शंख. आमचे सुभेदार जाधवसाहेब कराडकडचे आणि मी रत्नागिरीचा, म्हणून तो आम्हा दोघांना चिडवायचा. "साब, मराठों के डर से मेरे शहर ने बागबाजार में खाई खोदी थी. और अब आप ही गेट पर पहरा देते हैं."

"खंदक बुजला," सुभेदारसाहेब मला म्हणायचे, "पर ह्याची जीभ काय बुजंना."

लिओचा मामा जहाजावर नोकरीला होता. त्याने अमेरिकेहून भाच्याला एक रेकॉर्ड आणून दिली. नव्या धर्तीची, एका बाजूला सहा गाणी मावणारी. कव्हरवर लाल पडदा आणि त्याच्यापुढे निळ्या झग्यातली एक बाई. तिचं नाव लिओ दहादा सांगायचा, माझ्या जिभेवर ते कधी बसलं नाही. आम्ही तिला 'बाई'च म्हणायचो. लिओ 'द लेडी' म्हणायचा.

ही सगळी गाणी नाटकांतली आहेत, असं त्याने मला सांगितलं. न्यूयॉर्कमध्ये ब्रॉडवे म्हणून रस्ता आहे, तिथे थिएटरंच थिएटरं, आणि तिथल्या जुन्या नाटकांतली गाजलेली गाणी या बाईने निवडून गायली आहेत. ती स्वतः त्या नाटकांत नव्हती.

"म्हणजे ही नाट्यपदं," मी म्हणालो. मग मी त्याला आमच्याकडची गोष्ट सांगितली. मरायला टेकलेला नायक पद म्हणतो, प्राण सोडतो, आणि लोक 'वन्स मोअर' ओरडले की उठून पुन्हा म्हणतो आणि पुन्हा मरतो. लिओ हसून हसून लाल झाला. मी हे फारसं कुणाला सांगत नसे. आमच्या घरी नाटकाचं नाव काढलं की वडील ताटावरून उठायचे. नाटकं पाहिली ती मी चोरून पाहिली, आणि फौजेत आल्यावरही ती चोरी मनातून गेली नाही.

या रेकॉर्डचा आमच्या कामात कसा शिरकाव झाला ते सांगितलं पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. त्या वेळच्या लहान सेटची फ्रीक्वेन्सी सरकायची. सेट तापला, भिजला, बॅटरी उतरली की तो नेटवरून घसरायचा. मग कंट्रोल स्टेशनने, म्हणजे मी, अर्धा मिनिट आकडे मोजत राहायचं आणि हरवलेल्या ऑपरेटरने डायल फिरवत तो आवाज शोधून पुन्हा नेटवर यायचं. पुस्तकात असंच लिहिलं होतं. पण हुगळीच्या काठावर आगबोटी, बंदर, पोलीस, सगळेच आकडे मोजत असायचे. एकदा गार्डन रीचला सराव चालू असताना आमचं एक स्टेशन तासभर हरवलं. लिओने आपला सुटकेसएवढा रेकॉर्ड प्लेअर जनरेटरवर लावला, माइक त्याच्यासमोर धरला आणि बाईचं पहिलं गाणं सोडलं. दुसऱ्या मिनिटाला ते स्टेशन बोललं. सबंध डायलवर असा आवाज दुसरा नव्हता, आणि बाई श्वास घ्यायलासुद्धा थांबत नव्हती.

तेव्हापासून ती रीतच पडली. लेखी कुठेही नव्हती. आमच्या मेजरसाहेबांनी कानाडोळा केला. सुभेदारसाहेब तेवढे म्हणाले, "कुणी मोठा सायेब आला, तर ह्या बाईला गोषात ठिवा."

पुढल्या भादव्यात नद्या चढल्या. सियालदहहून गाडीने आम्ही कलकत्त्याच्या दक्षिणेच्या सखल मुलखात गेलो. फलाटावर फाळणीच्या निर्वासितांचे संसार मांडलेले होते, त्यांच्यातूनच पेट्या वाहून न्याव्या लागल्या. एका बांधावरच्या शाळेत मी कंट्रोल स्टेशन लावलं. चार देशी होड्या, प्रत्येकीवर एक नावाडी, एक ऑपरेटर आणि एक लहान सेट. गावांतून माणसं काढून बांधावर आणायची. सात दिवस आम्ही तेच केलं. कपडे अंगावरच भिजायचे आणि अंगावरच वाळायचे. आठव्या दिवशी कुणी कुणाशी जरुरीपेक्षा जास्त बोलत नव्हतं.

त्या सकाळी लिओने मला त्याचा सेट दाखवला. आत पाणी गेलं होतं. दुसरा नव्हता.

"हवालदारसाब, ये आज नेट से गिरेगा," तो म्हणाला. "गिरा, तो मैं घंटे पर नाव रोकूंगा और ढूंढूंगा. आप लेडी को लगा देना. पूरा गाना."

"लगा दूंगा."

"ठीक घंटे पर?"

"ठीक घंटे पर," मी म्हणालो. आम्ही दोघांनी घड्याळं जुळवली आणि सात पन्नासला त्याची तीन नंबरची होडी सुटली.

एक वाजेपर्यंत तो नेटवर होता. दोनला त्याचं उत्तर आलं नाही. मी लगेच रेकॉर्ड लावली, दोन मिनिटांत तो परत आला. चौदा माणसं घेतली आहेत, जवळच्या खाळाने, म्हणजे लहान खाडीने परतणार, असं त्याने सांगितलं. दोन चाळीसला तो पुन्हा नेटवरून गेला. दोन पन्नासला दुसऱ्या होडीवरून निरोप आला: खाळाच्या तोंडाशी बांध खचतो आहे, कधीही फुटेल, त्या वाटेने कुणीही येऊ नये, मोठ्या नदीने यावं. बाकीच्या होड्यांना मी तो दिला आणि त्यांनी तो घेतला. लिओला द्यायचा राहिला. तीन वाजता तो थांबून शोधणार होता, म्हणून मला घोर नव्हता. मी रेकॉर्ड चढवून ठेवली.

दोन छप्पन्नला ब्रिगेडियरसाहेब आले. बरोबर जिल्ह्याचे मुलकी अधिकारी, आमचे मेजरसाहेब, आणखी चारपाच जण. मी उभा राहून सॅल्यूट केला आणि डाव्या हाताने रेकॉर्ड प्लेअरवर अंथरायची ग्राउंडशीट ओढली. त्या वेळी मला कुणी सांगितलं नव्हतं. हात आपोआप गेला.

तीन वाजले. मी माइक उचलला. बाईचं नाटकातलं प्रेमाचं गाणं ब्रिगेडियरसमोर लावायचं, या विचाराने माझे कान तापले. जमादाराच्या बढतीसाठी माझं नाव गेलेलं होतं, तेही डोक्यात आलं. मी स्वतःला समजावलं, पुस्तकाप्रमाणे आकडे मोजतो, लिओ हुशार आहे, सापडेल त्याला. साहेब पाच मिनिटांत जातील, मग गाणं लावू.

"हॅलो थ्री, हॅलो थ्री. नेटिंग कॉल. वन, टू, थ्री, फोर..." तीस सेकंद मी मोजलं. "थ्री, रिपोर्ट माय सिग्नल्स. ओव्हर."

उत्तर नाही. मी पुन्हा मोजलं. पुन्हा नाही.

ब्रिगेडियरसाहेब शेजारी उभे राहून ऐकत होते. "गुड प्रोसीजर, हवालदार," ते म्हणाले. मग ते नकाशापाशी गेले. पाच मिनिटांत ते गेले नाहीत. चहा झाला. तीन चोवीसला ते बाहेर पडले. तीन सव्वीसला मी गाणं लावलं. एकदा, मग पुन्हा, मग सबंध बाजू. सेटमधून खरखर तेवढी येत होती. मी रेकॉर्ड थांबवली नाही आणि खुर्चीतून उठलो नाही.

चार दहाला दुसऱ्या होडीने कळवलं. तीन नंबर खाळात शिरली तेव्हाच बांध फुटला आणि ती उलटली. बारा जण आणि नावाडी हाती लागले. तिघे सापडत नव्हते, आणि लिओ त्या तिघांत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तिघेही सापडले. लिओच्या गळ्यात हेडफोन तसेच होते.

महिन्याभराने कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसली. मला विचारलं, तीनला नेटिंग कॉल दिला का? दिला. पूर्ण अवधीचा? हो. लॉगमध्ये नोंद आहे? आहे. रेकॉर्डबद्दल कुणी विचारलं नाही, कारण ती कुठे लिहिलेलीच नव्हती. मेजरसाहेब टेबलाकडे बघत होते. मी विचारलं तेवढ्याचं उत्तर दिलं आणि बाहेर आलो. निष्कर्ष असा निघाला की कंट्रोल स्टेशनकडून कोणतीही कसूर झालेली नाही. तीन महिन्यांनी मी जमादार झालो. मला त्या वेळी लाज वाटली, आणि आजही वाटते.

बाहेर आवारात रहमत नावाडी बिडी ओढत बसला होता. तीन नंबरची होडी त्याचीच. आत दुभाष्याने त्याची जबानी एका ओळीत आटपली होती: 'वायरलेससाठी होडी वीस मिनिटं थांबली.' मी त्याच्याशेजारी बसलो आणि त्या वीस मिनिटांत काय झालं ते विचारलं.

तो मोडक्या हिंदीत सावकाश बोलला. तीन वाजता बाबूने, म्हणजे लिओने, होडी सुपारीच्या झाडाला बांधायला लावली. सगळ्यांना गप्प केलं. एक तान्हं मूल रडत होतं, त्याच्या आईला म्हणाला, जरा याला छातीशी घे, गाना आयेगा. पाऊस होता, माणसं कुडकुडत होती, निघा म्हणून म्हातारे ओरडायला लागले. बाबूने कुणाचंच ऐकलं नाही. तो कान दाबून डायल फिरवत राहिला.

"फिर घड़ी देखा," रहमत म्हणाला. "हमसे पूछा, रहमत चाचा, कितना बजा होगा? मेरा घड़ी खराब हो गया. तीन अभी बजा नहीं." मग आणखी थोडा वेळ थांबून त्याने दोर सोडायला सांगितला.

लिओला माझी शंका आली नाही. घड्याळाची आली.

त्याच रविवारी मी रेकॉर्ड आणि प्लेअर घेऊन बऊबाजारला गेलो. लिओच्या आईने दार उघडलं. वाळलेली, ताठ बाई. तिने मला खुर्ची दिली, चहा दिला, आणि लिओचं अखेरचं बोलणं काय होतं ते विचारलं. उत्तर मी वाटेत तयार केलं होतं. ते मी दिलं नाही. मग मी सगळं सांगितलं: रीत, सकाळचा शब्द, ग्राउंडशीट, ब्रिगेडियर, चहा.

"मॅडम, उसकी घड़ी ठीक थी," मी म्हणालो. "तीन बज चुके थे. गाना मैंने नहीं लगाया."

तिने रेकॉर्ड स्वतःकडे घेतली. रडली नाही. मला वाटलं होतं ती दार दाखवेल, किंवा माफ केलं म्हणेल. दोन्हींतलं काही झालं नाही.

"आपने तीन बजे बोला था," ती म्हणाली. "तो तीन बजे लगाना था."

"जी, मॅडम."

नायक लिओ डिक्रूझ. त्याच्या होडीतले हरिपद मंडल. हरिपदांची सून शोभा. नावं मी लिहितो ती याच क्रमाने, कारण पाण्यात ते याच क्रमाने सापडले.