अण्णांच्या विहिरीचं पाणी

काचेच्या नळीतलं पाणी लाल झालं. डॉक्टर माझ्या खांद्यावरून बघत होते. बाहेरच्या बाकांवर आया लेकरं मांडीवर घेऊन खोळंबल्या होत्या.

"राठोड, या रंगाचा अर्थ काय?"

"नायट्रेट वाढलंय साहेब."

"हे तुम्ही गेल्या आठवड्यातही म्हणालात."

"तवा नारिंगी होतं. आता लाल हाय."

ही गोष्ट दोन हजार पाच-सहाच्या सुमाराची. मी हिंगोलीत फिश टँकचं काम करतो. सुरुवात फोटोफ्रेमच्या काचा कापण्यापासून केली. शाळा सातवीपर्यंत झाली, बाकीचं मुंबईच्या व्यापाऱ्यांशी फोनवर भांडून शिकलो. वसमतच्या चार दवाखान्यांत माझ्या टाक्या होत्या. तीन गोड्या पाण्याच्या. चौथी या बालरोगतज्ज्ञांची, खाऱ्या पाण्याची. तेवढी एकच खारी टाकी माझ्याकडे होती. तिच्यात नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचे दोन क्लाउन मासे आणि एक समुद्रफूल होतं. समुद्रफूल दिसायला फूल, पण असतो जीव. आता ते मिटून, सुकलेल्या अंजिरासारखं तळाला पडलं होतं.

नायट्रेट म्हणजे काय, ते साधं सांगतो. मासे खातात, घाण करतात. त्या घाणीतून आधी अमोनिया तयार होतो. तो विषारी. फिल्टरमधले जिवाणू त्याचं रूपांतर करत जातात आणि शेवटी उरतं ते नायट्रेट. गोड्या पाण्याच्या टाकीत वनस्पती ते शोषून घेतात, माशांनाही ते बरंच सोसतं. समुद्रफुलाला सोसत नाही. टाकी लहान असली की पाणी थोडं, म्हणून ते लवकर साठतं. उपाय एकच, थोडं जुनं पाणी काढायचं आणि नवं खारं पाणी घालायचं.

हे मुंबईत सोपं आहे. माझ्याकडे समुद्री मिठाचं अर्धं पोतं होतं. दुसरं मागवलं तर ट्रॅव्हल्सच्या टपावरून कधी येईल त्याचा भरवसा नाही. नायट्रेट तपासायच्या थेंबांची एक बाटली होती आणि तिच्यात पाच-सहा वेळा पुरतील एवढेच थेंब उरले होते. हिंगोली, वसमत, नांदेड, कुठेच दुसरी बाटली मिळत नव्हती.

डॉक्टरांनी पुण्याच्या एका दुकानदाराला फोन केला होता. "ते म्हणाले, तिकडच्या माणसाला खाऱ्या टाकीतलं काही कळत नसेल."

माझं डोकं तिथेच फिरलं. "मंग पुण्यावरून माणूस बोलवा की साहेब, रोज एक खेप मारंल."

"चिडू नका. चार दिवसांत सुधारणा दिसली नाही तर टाकी काढून न्या. बाकीच्या डॉक्टरांनाही मला खरं सांगावं लागेल."

म्हणजे चारही दवाखाने जाणार. वसमतमधलं माझं नाव जाणार.

"आठ दिवस द्या."

"पाच."

"सात. दवाई द्यायची न्हाई, पानी नितळ करायचंय. जिवाणूला घाई कळत न्हाई."

"सहा. त्यापुढे एक तास नाही."

सहावर सौदा झाला. मला सहाच हवे होते.

पहिला संशय खाण्यावर. कंपाउंडर नारायण माशांना खायला घालायचा. मी त्याला कोपऱ्यात घेतलं.

"किती टाकून राहिला रे?"

"चिमूटभर, काका."

"कोणाची चिमूट? तुझी का हत्तीची?"

"नरसीच्या देवाची आण. तुमी दावली तेवढीच."

मी खाणं निम्मं केलं. फिल्टरचा स्पंज टाकीतल्याच पाण्यात पिळून धुतला, कारण नळाच्या पाण्यात धुतला तर कामाचे जिवाणू मरतात. मग टाकीतलं एक तृतीयांश पाणी काढलं आणि मीठ कालवून नवं भरलं. निम्मं मीठ तिथेच संपलं.

दुसऱ्या दिवशी तपासलं. लालच, आणि आदल्या दिवसापेक्षा गडद.

मी पुन्हा नारायणवर घसरलो. "लेकरांच्या हातची बिस्किटं पडून राहिली का टाकीत? का तूच टाकून राहिला?"

"काका, टाकीला झाकण तुमीच बसवलं. किल्ली तुमच्यापाशी हाय. अन् ओरडून मलाच राहिले."

खरं होतं. आया हसल्या. मी बाकावर जाऊन बसलो.

बसल्यावर डोकं थोडं थंड झालं. पाणी बदललं की नायट्रेट उतरायला हवं. फार तर आहे तिथेच राहील. वाढलं कसं? माझ्या पायाशी पांढरे कॅन होते. डॉक्टरांच्या वडिलांच्या, अण्णांच्या हळदीच्या रानातल्या विहिरीचं पाणी जीपमधून दवाखान्यात यायचं. मीच तसं सांगितलं होतं. नळाला ब्लीचिंगचा वास होता आणि विहिरीचं पाणी मी ओंजळीनं पिऊन पाहिलं होतं. गोड, नितळ. "यापेक्षा चांगलं पानी वसमतात न्हाई," असं मीच म्हणालो होतो.

थेंब तीन-चार वेळांपुरते उरलेले. त्यातले कॅनमधल्या पाण्यावर घालवायचे की नाही, याचा मी बराच विचार केला. मग नळी भरली, थेंब टाकले. नीट हलवायच्या आतच पाणी लाल झालं.

आता सगळं कळलं. टाकीतलं पाणी रोज थोडं उडतं. उडतं ते फक्त पाणी, त्यात विरघळलेलं मागे राहतं. नारायण रोज कॅनमधून टाकी बराबर करायचा. म्हणजे दोन महिने तो रोज थोडं नायट्रेट ओतत होता, आणि मी ते काढायला म्हणून बादलीनं ओतलं. ते विहिरीत आलं कुठून, तेही मला दिसत होतं. हळदीला पोत्यानं युरिया पडतो. वरच्या अंगाला गोठा आणि उकिरडा. पाझरून सगळं खाली येतं. त्याला ना वास, ना चव, ना रंग.

तेवढ्यात अण्णाच आले. शंभर एकराचे मालक, कडक धोतर. नारायणनं माझ्याआधी तोंड उघडलं, "अण्णा, काका म्हणून राहिले, आपल्या हिरीचं पानी खराब हाय."

"काय म्हन्ला?" अण्णा माझ्याकडे वळले. "माझ्या आज्यानं खांदलेली हिर हाय ती. अर्धं गाव पितं. अन् तू तांड्यावरून आला, मला पानी शिकवून राहिला?"

मी नीट बोलायला हवं होतं. नाही बोललो.

"अण्णा, आज्यानं खांदली तवा युरिया नव्हता. आज त्या हिरीत अन् नालीत फरक फक्त वासाचा हाय."

हे वाक्य मला आजही परत घ्यावंसं वाटतं. अण्णांनी काठी आपटली. आवाज ऐकून डॉक्टर केबिनमधून बाहेर आले. मला वाटलं, सहा दिवस इथेच संपले.

त्यांनी माझ्या हातातली नळी घेतली. थेंबांसोबतच्या रंगांच्या तक्त्याला लावून पाहिली.

"हे टाकीतलं?"

"न्हाई साहेब. कॅनमधलं."

"मीठ न घालता?"

"काईच न घालता."

मग त्यांनी अगदी हळू विचारलं, "उकळल्यावर जातं?"

मला वाटलं माशांसाठी विचारतात. "न्हाई. पानी आटतं, हे तेवढंच राहतं. उलट दाट होतं."

हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. तरी त्यांना ते कुणाच्या तरी तोंडून ऐकायचं होतं. त्यांनी टेबलावरचा फोन उचलला, घरी लावला.

"बाळाची बाटली झाली का? देऊ नकोस. ओतून टाक. मी येतो. आधी ओतून टाक."

त्यांची मुलगी अडीच महिन्यांची होती. पावडरचं दूध घ्यायची. पाणी याच विहिरीचं, वीस मिनिटं उकळलेलं. एवढ्या लहान बाळाच्या रक्तात हे नायट्रेट प्राणवायू पोचू देत नाही, हे त्यांनीच मला नंतर सांगितलं. तेव्हा ते सरळ गाडीकडे पळाले. अण्णा बाकावर बसले आणि काठी दोन्ही हातांत धरून जमिनीकडे बघत राहिले. त्यांच्याशेजारी बसायची माझी हिंमत झाली नाही.

बाळाला काही झालं नव्हतं. नांदेडला नेऊन रक्त तपासून आणलं.

माझं काम मात्र उरलं होतं. बसस्टँडजवळच्या बॅटरीवाल्याकडून डिस्टिल्ड वॉटरचे कॅन आणले. बॅटरीत घालायचं हे पाणी म्हणजे वाफ थंड करून केलेलं, त्यात काहीच विरघळलेलं नसतं. तपासलं तर स्वच्छ पिवळं, म्हणजे नायट्रेट नाही. पण मीठ थोडंच होतं. एकदम सगळं बदलता येईना, म्हणून रोज एकेक बादली. उडालेलं पाणीही याच कॅनमधून. सहाव्या दिवशी नळीतला रंग नारिंगीवर उतरला आणि समुद्रफूल निम्मं उमललं. मी डॉक्टरांना दाखवायला गेलो. त्यांनी मान हलवली आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

चारही दवाखाने राहिले. डॉक्टरांनी विहिरीचं पाणी सरकारी प्रयोगशाळेत पाठवलं, तिथूनही तेच आलं. विहिरीवर पिण्याचं पाणी न्यायला लोक यायचे बंद झाले. अण्णांनी बाजारात सांगितलं, मछलीवाल्यानं आमच्या हिरीचं नाव घालवलं. पुढे डॉक्टर एका सभेत या विषयावर बोलले. मी मागे उभा होतो. "माझ्या लक्षात आलं," असं ते म्हणाले. माझं नाव घेतलं नाही. हा राग माझ्या पोटात अजून आहे, लपवत नाही.

पण त्या रागाच्या खाली दुसरं एक आहे, ते कुणावर काढता येत नाही. टाकी लावली त्या दिवशी थेंबांची बाटली भरलेली होती. कॅनही समोर होते. मी पाण्याची चव घेतली आणि चांगलं म्हणालो. तेव्हा ते बाळ पंधरा दिवसांचं असेल.

आता कुणाकडेही टाकी लावायची म्हटलं की मासे, काच, भाव हे सगळं नंतर. आधी घरातल्या पाण्यावर थेंब टाकतो. लोक म्हणतात, आम्ही हेच पितो, तपासायचं काय त्यात? काही जण चिडून काम दुसऱ्याला देतात. मी भावात घासाघीस करू देतो. यात करू देत नाही.