दहिवर सुकेपर्यंत

नागपूरला उतरलो तेव्हा माझ्या बॅगेत दोन स्वेटर होते आणि एक तक्ता. इथल्या थंडीबद्दल ऐकून होतो, म्हणून स्वेटर. प्रोजेक्ट मॅनेजर आहे, म्हणून तक्ता. काटोलजवळच्या एका शेडमध्ये आमच्या कंपनीने संत्री आकारानुसार वेगळी करणारं मशीन बसवलं होतं. शुक्रवारी चाचणी दाखवून शेडच्या मालकांची सही आणायची होती. "सही नसेल तर परत येऊ नकोस," असं आमचे साहेब पुण्यात हसत म्हणाले होते. ते हसले की मला जास्त भीती वाटते.

मुक्काम धरमपेठेत होता. सकाळी तर्री-पोहे (पोह्यांवर हरभऱ्याचा लालभडक रस्सा) खाल्ले. "तर्री अजून देऊ का, भाऊ?" दुकानदाराने विचारलं. भिडेखातर हो म्हटलं. काटोलच्या बसमध्ये बसलो तरी कानांतून वाफा येत होत्या.

गुरुवारी शेडमध्ये बैठक घेतली. मालक आणि तोडणीचे मुकादम नामदेवराव समोर बसले. मी तक्ता उलगडला: सहाला तोडणी, आठला फळं शेडमध्ये, नऊला चाचणी. "जमेल ना?" दोघांनी माना डोलावल्या. एवढी गुणी माणसं मी पुण्यात पाहिली नव्हती.

शुक्रवारी आठ वाजता शेडमध्ये मशीन होतं, मी होतो आणि एक मांजर. संत्रं औषधालाही नव्हतं. नामदेवराव फोन उचलेनात. शेवटी वॉचमनची मोटरसायकल मागून घेतली आणि कुडकुडत बागेत पोचलो. झाडं फळांनी वाकली होती आणि दहाबारा माणसं शेकोटीभोवती निवांत चहा पीत होती.

"अहो, तोडत का नाही?" मी ओरडलोच.

"दहिवर (दव) आहे ना, साहेब," नामदेवराव म्हणाले. "ओलं फळ तोडलं तं सालीवर डाग पडते. मंग मार्केटात कोनी हात लावत नाही."

"मग हे काल का नाही सांगितलं?"

"तुमी इचारलं कुठं? तुमी सांगून राहिले होते, आमी हो म्हनून राहिलो होतो."

मी हातापाया पडायचा तेवढा बाकी होतो. "निदान चार क्रेट तरी तोडा!"

त्यांनी शांतपणे कात्री माझ्यापुढे धरली. "घ्या, तुमीच तोडा. डाग पडले तं मालकाले बी तुमीच सांगा."

कात्री हातात घेतली. फळाला हात लावला तर बोटं चिंब ओली झाली. नोकरी जाताना डोळ्यांपुढे दिसत होती, तरी कात्री परत दिली आणि शेकोटीपाशी बसलो. मालकांना फोन लावला, तेही उचलेनात. नऊ वाजले, दहा वाजले. मी तीन चहा प्यायलो आणि राजीनाम्याची पहिली दोन वाक्यं मनात जुळवली.

अकराला ऊन चढलं, पानं सुकली आणि कात्र्या सुरू झाल्या. साडेबाराला पहिली गाडी शेडमध्ये आली. पाठोपाठ मालक आले, जेवून.

"तुम्ही नऊला येणार होता ना?" मी हळूच म्हटलं.

"नऊले? काहून (कशाला)? दहिवर पाहाले?"

मशीन झकास चाललं. त्यांनी एक संत्रं सोलून खात खात सही केली.

सोमवारी पुण्यात माझ्या टीमपुढे पुढच्या कामाचा तक्ता मांडला. "काही अडचण?" मी विचारलं. सगळे माझ्याकडे पाहून गोड हसत होते. मला दरदरून घाम फुटला. मी दार लावून घेतलं आणि जाहीर केलं, प्रत्येकाने एकेक अडचण सांगितल्याशिवाय आज कुणालाही चहा मिळणार नाही.