जबल दुखानखालची पोपटी

बहरीनला डोंगर एकच, जबल दुखान. म्हणजे धुराचा डोंगर. आमच्या रायगडात त्याला कुणी टेकडी म्हणूनसुद्धा विचारलं नसतं, पण इथे थंडी पडली की आम्हाला त्याचाच आधार. पायथ्याशी देशातली पहिली तेलाची विहीर, त्याच्या अलीकडच्या अंगाला तेलवाल्यांनी वसवलेलं अवालीचं जुनं गाव, आणि भोवतीच्या उघड्या माळावर हिवाळ्यात लोकांचे तंबू. पैसेवाल्यांच्या तंबूंना जनरेटर, गालिचे, टीव्ही. आमच्या कोपऱ्यात पाणी कॅनमधलं, उजेड गाडीच्या दिव्यांचा आणि बाकीच्या विधींना लांबचा दगड.

दर हिवाळ्यात एकदा आम्ही दोघं तिथे मुक्कामाला जायचो, मी आणि माझा दोस्त. एका आळीत वाढलो, इथे एका खोलीत राहतो. तो सित्र्याच्या कारखान्यांवर कामगारांची बस नेतो, मी एसीची कामं करतो. मला इथे आणलं त्यानेच. आई गेल्यापासून गावाला माझं असं कुणी उरलेलं नाही. माझं गाव म्हणजे हाच, असं मी धरून चाललो होतो.

जायचो ते पोपटी लावायला. ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगतो. मडक्याच्या तळाला भांबुर्ड्याचा पाला, त्यावर मीठ-ओवा लावलेल्या वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, मसाला चोळलेली कोंबडी, आणि वर पुन्हा पाला दाबून तोंड बंद. पाण्याचा थेंब घालायचा नाही. मग मडकं पालथं घालून भोवतीने जाळ. भांबुर्डा इथे मिळत नाही, तो दोस्त रजेवरून येताना बॅगेत कपड्यांमध्ये दडवून आणतो. मडकं भरायचं मी, जाळ करायचा त्याने. असं कधी ठरवलं नव्हतं, पण इतकी वर्षं तसंच चालत आलं होतं.

यंदा त्याने तिसरा माणूस घेतला. त्याच्या बस कंपनीच्या गॅरेजमधला नवा फिटर, कोल्हापूरकडचा. माणूस चांगला होता, तेच मला जास्त झोंबलं. वाईट असता तर निदान नावं ठेवता आली असती. वाटभर दोघं पुढे बसून गिअरबॉक्सवर बोलत होते आणि मी मडकं मांडीवर घेऊन मागे. पुढची सीट माझी आहे, हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही. नव्याचे नऊ दिवस, असं म्हणून मी मनाची समजूत घातली.

पण तंबू ठोकून झाल्यावर दोस्ताने पाल्याचं पुडकं सोडलं ते थेट कोल्हापूरकराच्या हातात दिलं. यंदा याला भरू दे, म्हणाला. मी बाजूला उभा. त्या बाबाने मडकं भरलं, आमटीच्या पातेल्यासारखं सुलटं दगडांवर ठेवलं आणि आत ओतायला पाण्याची बाटली उचलली. म्हटलं, आता बसतील शिव्या. पहिल्या वर्षी माझ्या हातून पाला कमी पडला आणि तळ करपला, तेव्हा याच दोस्ताने माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला होता. आता मात्र तो नुसता हसला आणि बाटली काढून घेतली.

"पालथं घालायचं व्हय हे?" कोल्हापूरकर म्हणाला.

दोस्ताने त्याचा हात धरून मडकं कसं पालथं घालायचं ते दाखवलं. नव्या सुनेला स्वयंपाकघर दाखवावं तसं कौतुकाने. माझा नुसता जळफळाट झाला. मी लाकडं आणतो सांगून गाडीकडे गेलो. लाकडं आधीच आणलेली होती, पण कुणी अडवलं नाही.

पोपटी झाली फक्कड. मी मात्र मीठ जास्त झालंय म्हणालो. कोल्हापूरकर बिचारा ओशाळला, दादा, पुढच्या वेळी ध्यानात ठेवतो म्हणाला. पुढच्या वेळी! म्हणजे हा कायमचा आला. थोड्या वेळाने तो घरी फोन करायला गाडीकडे गेला, तशी दोस्ताने माझ्याकडे मान वळवली.

"मिठाला काय झालंय रे?"

"तुला आता नवा मिळालाय. माझं कशाला विचारतोस?"

त्याने काटकीने निखारे उकरले.

"मी मार्चमध्ये खलास करतोय. व्हिसा कॅन्सल, कायमचा गावाला. त्याला शिकवतोय ते तुझ्यासाठी. पुढच्या थंडीत एकटा मडकं घेऊन कुठे जाणार होतास?"

मी आधी विचारलं ते हेच, की हे कोल्हापूरकराला ठाऊक आहे का. आहे, दोस्त म्हणाला. तुला सांगायला तोंड होत नव्हतं. म्हणजे तिथेही नंबर त्याचाच लागला होता. इतकी घाई कशाला, मी चिडून विचारलं. नोकरी चांगली आहे, तब्येत धड आहे, आणखी चार वर्षं सहज निघाली असती.

"बायको म्हणते, इतकी वर्षं थंडीतली पोपटी भावोजींबरोबर खाल्लीत, आता माझ्याबरोबर कधी खाणार?"

हेवा करायचा तो मीच, अशीच माझी समजूत होती. माझा कुणी करत असेल, हे कधी मनात आलं नव्हतं. दर हिवाळ्यात वहिनी फोनवर मला विचारायची, भावोजी, यंदाची पोपटी कशी झाली? आणि मी तिला अगदी चवीने, थरामागून थर, सगळं सांगायचो.