धारेचं लुगडं

आमच्या केंद्रात माणूस बरा होऊन घरी जाईल या आशेनं कुणी आणत नाही. मोठ्या दवाखान्यांनी हात टेकले, की उरलेले दिवस दुखण्याविना जावेत म्हणून आणतात. मी इथं गाडी चालवतो. डॉक्टर दुखणं बघतात, नर्स जखमा बघतात, पण दीप्ती मधाळे मॅडम नक्की काय करतात, हे मला बरेच दिवस कळलं नव्हतं. सोशल वर्कर म्हणजे योजनेचे कागद भरून देणारी बाई, एवढंच माझं ज्ञान. खाटेशेजारी स्टूल ओढून गप्पा मारायला पगार मिळतो म्हटल्यावर माझ्या पोटात दुखायचंच.

त्यांचा प्रश्न ठरलेला असायचा, "काय अडलंय?" कुणाचं सख्ख्या बहिणीशी बोलणं अडलेलं असायचं, तर कुणाला आपल्यामागं बायकोला घरात कोण विचारणार याचा घोर. मॅडम गाठ सोडवायला बसायच्या. कधी सुटायची, कधी दाताखाली धरूनही नाही.

बाळाबाई मलकापूरच्या पुढं, शाहूवाडीच्या डोंगरातल्या एका वाडीवरच्या. पोटाचा कॅन्सर. इथं आल्यावर गोळ्यांनी दुखणं आवरलं, तरी बाई रोज पहाटे उठून खाटेवरून पाय खाली सोडायच्या. दोनदा पडता पडता वाचल्या. घरी सोडा, एवढाच धोशा. त्या आडरानात पुन्हा पोट उसळलं तर इंजेक्शन कोण देणार, म्हणून डॉक्टर तयार नव्हते. आईपाशी राहिलेली लेक वर्षाराणी समजावून थकली. मग मॅडमनी स्टूल ओढलं.

अडली होती ती म्हैस. नाव काजळी. रेडकू दगावल्यापासून ती बाळाबाईंशिवाय कुणाच्याच हाताला पान्हा सोडत नव्हती. त्यांचे मालक आकाराममामा एसटीनं भेटायला यायचे आणि सांगायचे, दूध देतीया, तू घोर करू नगंस. बाळाबाई त्यांच्या लंगडणाऱ्या पायाकडं बघायच्या. म्हशीची लाथ खाल्लेला माणूस लपतो होय?

मॅडमनी पहिला उपाय काढला तो असा, की दारातून ऐकून मीच कपाळावर हात मारला. म्हैस विकून टाकू, म्हणाल्या, म्हणजे तुमच्या जिवाला घोर नाही. बाळाबाईंनी भिंतीकडं तोंड फिरवलं आणि दिवसभर लेकीशीसुद्धा बोलल्या नाहीत. संध्याकाळी गाडीत बसल्यावर मॅडम म्हणाल्या, "संग्रामदादा, आज मी माती खाल्ली." मी म्हटलं, पोतंभर. आमचं तोंड असंच आहे. पण त्या रागावल्या नाहीत, तेव्हापासून मला त्यांच्याबद्दल जरा आदर वाटायला लागला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा स्टूल. या वेळी उपायबिपाय काही नाही. मावशी, तुम्ही धार कशी काढता तेवढं सांगा, म्हणाल्या. मग बाळाबाई सुटल्या. कास कशी धुवायची, आधी पाठीवरून हात कसा फिरवायचा, काय म्हणून चुचकारायचं, सगळं सांगितलं. दुसऱ्याच्या हाताला न लागणाऱ्या म्हशीला फसवायची एक जुनी युक्ती आहे, तीही निघाली. घरातल्या माणसानं धार काढणारीचं लुगडं अंगाला गुंडाळून बसायचं. म्हैस वासावर पान्हा सोडते. बाळाबाईंनी मालकांना ते कधीच सांगितलं होतं. पण मामा ताठ गडी. बायकोचं लुगडं नेसून गावात तोंड कुठं दाखवू, म्हणाले होते, आणि तिथंच गाडं रुतलं होतं.

"म्हस आटली तर आटंना का," बाळाबाई म्हणाल्या. "पर माझ्यामागं ह्यांनी सकाळी उठून करायचं काय? भिंतीकडं बघत बसतील नुसतं. ती म्हस हाय म्हनून हातरुनातनं उठतील तरी."

मला वाटत होतं, बाईला दुधाचं पडलंय.

बाळाबाई नेसून आल्या ते लुगडं इथंच होतं, पण केंद्रात सगळ्यांना गाऊन असतो, आणि लुगडं धुऊन घडी घातलेलं. त्याला साबणाशिवाय कसला वास येणार? मॅडमनी ते बाळाबाईंना पांघरायला दिलं आणि आता ह्याला पाणी लावायचं नाही म्हणून बजावलं. नर्सबाईंनी इन्फेक्शनचं नाव काढलं. मॅडम त्यांच्याशी भांडल्या, मग डॉक्टरांशी भांडल्या. चार दिवसांनी ते निळं सुती लुगडं पिशवीत घालून आम्ही मामांना घेऊन निघालो. मामा पुढच्या सीटवर पिशवी मांडीवर धरून बसले होते.

गोठ्यात गेल्यावर त्यांनी पाय मागं घेतला. मॅडमनी समजावलं नाही की काही नाही. "मामा, तुम्ही नका नेसू, मी नेसते," म्हणाल्या आणि पंजाबी ड्रेसवर लुगडं गुंडाळून म्हशीखाली बसल्यासुद्धा. मॅडमना धार काढायची माहिती बाळाबाईंच्या तोंडून ऐकली तेवढीच. काजळीनं एकदा वळून बघितलं आणि लाथ झाडली. मॅडम शेणात, धारेची चरवी माझ्या पायावर. मला हसू आवरेना. मामाही हसले, आणि हसता हसताच त्यांनी मॅडमना हात देऊन उठवलं, लुगडं मागून घेतलं आणि गोठ्याचं दार आतून लावून घेतलं.

आम्ही बाहेर उभे. आधी नुसती दावणीची खुडबुड. मग मामांचा हळू आवाज आला, "बाय माझी, सोड." बाळाबाई म्हणायच्या तेच शब्द. पुन्हा म्हणाले. तिसऱ्यांदा म्हणताना आवाज चिरकला आणि चरवीत धार वाजली. मॅडम माझ्याकडं पाठ करून डोळे पुसत होत्या. मी पुसले नाहीत असं म्हणणार नाही.

केंद्रात परत आल्यावर त्या दुधातलं चमचाभर मॅडमनी बाळाबाईंच्या जिभेवर सोडलं. मामा लुगडं नेसले, तेही सांगितलं. बाईंनी डोळे मिटले. तोंडावर समाधान होतं आणि त्यातच काहीतरी दुखलेलंही.

"माझ्याबिगर बी दिलं म्हनायचं," त्या म्हणाल्या.

मी असतो तर काहीतरी बोलून घाण केली असती. मॅडमनी नुसता त्यांचा हात धरला आणि स्टूलवर बसून राहिल्या. दुसऱ्या दिवशी उजाडलं तरी बाळाबाई गाढ झोपल्या होत्या. खाटेवरून पाय सोडणं थांबलं. आठवड्याभरात, अशाच एका सकाळी त्या झोपेतच गेल्या.

रक्षाविसर्जनाला मॅडमनी मला गाडी काढायला लावली. पेशंट गेला, आता आपलं काय काम, मी विचारलं. काम निम्मंच झालंय, म्हणाल्या.

वाडीवर अंगणभर पावणे जमलेले. मामांची थोरली बहीण, गगनबावड्याची आक्का, बाळाबाईंच्या कपड्यांचं बोचकं बांधत होती, नदीवर सोडायला. निळं लुगडं त्यात वरच होतं. गोठ्यात काजळी हंबरत होती. घर माणसांनी भरलेलं, त्यामुळं सकाळची धार राहिली होती. मधल्या दिवसांत मामांनी दार लावून काढली असणार. आता चारचौघांत कुठलं दार लावणार? मामा खांबाला टेकून मान खाली घालून बसले होते. मॅडम शेजारी जाऊन बसल्या.

म्हैस पुन्हा हंबरली. मामा उठले, बोचक्यातलं लुगडं ओढून काढलं आणि सगळ्या पावण्यांदेखत धोतरावर गुंडाळायला लागले. दोन पोरं खिदळली, त्यांना कुणीतरी दाबलं. आक्का पुढं झाली. गेलेल्या माणसाचं नेसणं घरात ठेवत न्हाईत, चारचौघांत ही काय शोभा, म्हणाली.

"ती गेली हे आमास्नी कळतंय, आक्का," मामा म्हणाले. "म्हशीला कुनी सांगायचं?"

मामांनी चरवी उचलली आणि गोठ्याकडं निघाले. आक्का तिथंच उभी होती. मग लगबगीनं त्यांच्यामागं गेली. मला वाटलं, आता लुगडं हिसकून घेते.

"थांब जरा," ती म्हणाली. "पदर डोक्यावरनं घे. ती तशीच बसायची धारंला."

आणि तिनं स्वतःच्या हातानं भावाच्या डोक्यावर पदर सारखा केला.