पोर्तुगालमध्ये राहायचंय कुणाला?

आमच्या सिडनीतल्या ब्लॅकटाउनच्या बॅडमिंटन ग्रुपमध्ये कुणी युरोपला जाऊन आलं की फोटो कुणी मागत नाही. पहिला प्रश्न असतो, "कुठे अडवलं?" सरळ आत सहसा कुणाला सोडलेलंच नसतं, म्हणून किस्से साचत जातात. ऑफिसातला स्टीव्ह ते ऐकून म्हणतो, "नो वरीज, मेट." त्याला नसतीलच. ऑस्ट्रेलियन पासपोर्टवर पोर्तुगालचा व्हिसा लागत नाही. माझा पासपोर्ट भारतीय, मला लागतो. आणि पासपोर्ट मी बदलणार नाही!

*

ग्रुपमधलं पुण्याचं जोडपं म्हणजे निनाद आणि मुग्धा. निनाद ऑस्ट्रेलियन झाला, मुग्धा झाली नाही. लिस्बनला उतरल्यावर निनाद मशीनला पासपोर्ट दाखवून पलीकडे गेलासुद्धा. मुग्धा दोघांच्या बॅगा घेऊन भल्यामोठ्या रांगेत. शेवटी ऑफिसरने विचारलं, "एकट्याच आलात?"

मुग्धाने काचेपलीकडे कॉफी पिणाऱ्या निनादकडे बोट दाखवलं. "तो माझा नवरा. त्याला काही न विचारता आत घेतलंत. आता जे विचारायचंय ते आधी त्याला विचारा."

ऑफिसरने खरंच त्याला बोलावून घेतलं. निनादची तक्रार एवढीच, की कॉफी गार झाली.

*

त्याच ट्रिपला पुढे कस्टम्स. बाहेरून येणाऱ्यांनी मांस आणि दुधाचे पदार्थ आणायचे नाहीत, असा तिथला नियम. मुग्धाच्या डब्यात साजूक तुपातले बेसनाचे लाडू. तूप दुधाचंच असतं, हे निनादने कुणी विचारायच्या आधीच सांगून टाकलं! ऑफिसरने कचऱ्याचा डबा दाखवला.

"अन्न टाकणार नाही," मुग्धा म्हणाली. "आत आणायचं नाही असाच नियम आहे ना? आम्ही अजून बाहेरच आहोत."

दोघं तिथेच उभ्याने लाडू खात राहिले. ऑफिसर घड्याळ बघत होता. मुग्धाने रिकामा डबा त्याच्यापुढे उपडा करून दाखवला. मग निनादने त्याच्याकडे पाणी मागितलं.

*

पण ग्रुपचा जीव अडकला होता तो कार्मेलीन मावशीत. मावशी म्हणजे आमच्या पास्कलची आई, वसईची. आता इथे मुलाकडे असते. पास्कल लहानपणी टायफॉइडने जाता जाता वाचला, तेव्हा तिने नवस बोलला होता, पोर्तुगालला फातिमा गावच्या मारियामातेच्या पायाशी येईन. आता गुडघे बोलायला लागले. "चालता येतंय तोवर फेडते," म्हणाली.

व्हिसा सेंटरमध्ये बोटांचे ठसे घेतात. मावशीचे ठसे मशीनवर येईचनात. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "प्रेस हार्डर, डार्ल." मावशीने पुन्हा पुन्हा दाबून बघितलं.

"पास्कल, हिला सांग," ती म्हणाली, "ठसे वसईला केळीच्या वाडीत झिजले. हवेच असतील तर तिथे जाऊन घे."

*

व्हिसा नाकारला. कारण काय, तर अर्जदार परत जाईल याची खात्री वाटत नाही! मला इतका राग आला की त्या दिवशी मी गेम अर्धवट सोडून बसलो.

निनाद म्हणाला, "मावशी, ऑस्ट्रेलियन पासपोर्ट घेऊन टाका. भानगडच नको."

"मातेने मला वसईची म्हणून ओळखलंय. आता दुसरा देश सांगून तिला कशाला गोंधळात टाकू?"

दुसऱ्या अर्जाला तिने बॅकयार्डातल्या कढीपत्त्याचा फोटो जोडायला लावला. "स्वतः वाढवलेलं झाड सोडून मी तिथे राहीन होय? पोर्तुगालमध्ये राहायचंय कुणाला?" पास्कलने फोटो जोडला. आणि व्हिसा आला.

*

लिस्बनचा किस्सा पास्कल अजूनही घाम पुसत सांगतो. काउंटरवर पुन्हा तेच, बोटं ठेवली की मशीनचा दिवा लाल. ऑफिसरने पासपोर्टवर 'लोपीस' वाचलं आणि हसला. "हे तर आमच्याकडचं आडनाव." मग मशीनकडे बघून गंभीर झाला. "किती दिवस राहणार? परत नक्की जाणार ना?"

मावशी मराठीत म्हणाली, "तुमची माणसं आमच्या वसईला आली, ती दोनशे वर्षं हलली नाहीत. मी आठ दिवसांत जाते."

पास्कलने भाषांतर केलं, "शी सेज वन वीक, सर."

"एवढंच नाही बोलले मी," मावशी म्हणाली. "सगळं सांग."

पास्कलने सगळं सांगितलं. ऑफिसरने मावशीकडे एकदा नीट बघितलं, मशीन बाजूला सारलं आणि पासपोर्टवर शिक्का मारला.

शिक्का स्वच्छ उमटलाय की नाही, ते मावशीने पासपोर्ट उघडून तपासलं. मगच पुढे सरकली.