लाल वहीतली फुलपाखरं

आमच्या ह्यांनी एकदा माल रिजेक्ट केला की ब्रह्मदेव आला तरी तो पास व्हायचा नाही. सातपूरच्या कारखान्यात वाल्मीक इन्स्पेक्टर म्हणजे धाकच! भाग केसभर कमी-जास्त भरला की लाल वहीत तारीख, माप, कारण आणि खाली सही. सव्वीस वर्षांत एकही रिजेक्शन मागे घेतलं नाही. साहेबांशी भांडले, पण घेतलं नाही.

अशा माणसाला छंद कसला, तर फुलपाखरांचा! माझं माहेर कळवणजवळ. दर रविवारी तिथल्या डोंगरावर जाळी घेऊन जायचं, इवलंसं निळं फुलपाखरू धरायचं, पंख मोजायचे, ठिपके बघायचे, सोडून द्यायचं. दोन जाती होत्या: पायथ्याला बारीक ठिपक्यांची, पलीकडच्या उतारावर जाड ठिपक्यांची. मी म्हणायचे, "अहो, माझ्या माहेरच्या माणसांकडे तरी बघा एवढं!"

गेल्या वर्षी दिशा नावाची संशोधक मुलगी घरी आली. ह्यांनी ऐटीत बारा वर्षांच्या वह्या मांडल्या. तिने दोन तास चाळल्या आणि विचारलं, "काका, दोन्हींच्या अधलीमधली कुठेत?"

"ती भेसळ. नोंदीत घेतली नाहीत."

पोरीचा चेहराच उतरला. "मला तीच हवी होती हो. दोन जवळच्या जातींचा संकर होतो. त्यातली काही कधीकधी आईबापांना झेपत नाही अशा उंचीवर तग धरतात, आपसातच जोड्या जमवतात, आणि हळूहळू तिसरीच जात उभी राहते. अमेरिकेतल्या उंच डोंगरांवर असं सापडलंय. पण इथं मापंच नसतील तर काय बोलणार?"

ह्यांनी मांडलेल्या वह्या एकेक करून मिटायला घेतल्या. बारा वर्षांचे रविवार पाण्यात गेले! मला काही ते बघवेना.

"अहो," मी म्हटलं, "रिजेक्ट केलेलं वहीत चढवल्याशिवाय तुम्हाला घास तरी उतरतो का? माळ्यावरची ती लाल वही कसली?"

"ती रिजेक्शनची. नोंदीची नव्हे," हे पुटपुटले.

कपाळ माझं! मीच स्टूल लावून वही काढली. दोनशे चौदा फुलपाखरं. प्रत्येकाची तारीख, माप, जागा आणि कारण, 'नमुन्याशी जुळत नाही.' दिशा ओळीवरून बोट फिरवत गेली आणि एकदम ओरडली, "काका, ही जवळजवळ सगळी माथ्यावरची! आणि बारा वर्षं माप तेच! बिघाड असा दरवर्षी सारखा येतो का?"

पुढे दिशाच्या लोकांनी माथ्यावरच्या फुलपाखरांचा डीएनए तपासला. परवा दिशाचा फोन आला: वंश दोन्हीकडचा, पण जोड्या आपसातच. नवी जात म्हणायला आता हरकत नाही.

फोन ठेवला तसे हे लाल वही घेऊन बसले. पहिल्या ओळीसमोर लिहिलं, 'रिजेक्शन मागे. चूक इन्स्पेक्टरची.' खाली सही. मग दुसऱ्या ओळीसमोर तेच. चहा गार झाला, मान दुखायला लागली, तरी चालूच.

"अहो, शेवटी एकच सही मारा की सगळ्यांची!"

"नाही," हे म्हणाले. "रिजेक्ट एकेक करून केली होती."